मिती म्हणजे किती आकडे लागतात ते बघा: झिरो माइलपासून चौथ्या डायमेन्शनपर्यंत

डायमेन्शन म्हटलं की लोकं लगेच दुसऱ्याच दुनियेत जातात. चौथी मिती म्हणजे भूत, पाचवी म्हणजे एलियन, आणि यूट्यूबवर तर विचारूच नका, एक निळा जाळीदार घन स्वतःतूनच आतबाहेर होऊन राहिला आणि मागे भीती वाटेल असं म्युझिक. इथे तसलं काही नाही. कोरे कागद, पेन्सिल, ग्राफपेपर, एक बॉलपेन आणि एक संत्रं घेऊन बसा, आठवी-नववीची भूमिती थोडीफार आठवत असली की झालं. उदाहरणं नागपूरची घेतलीत कारण या विषयासाठी आपलं शहर खरंच सोयीचं आहे.

सुरुवात: एकच प्रश्न पाठ करा

कुठलीही गोष्ट समोर आली की विचारायचं, ही नेमकी कुठे आहे हे सांगायला कमीत कमी किती आकडे लागतात? जेवढे आकडे तेवढ्या मिती. बाकी सगळं यातूनच निघतं, म्हणून हा प्रश्न सोडून पुढे पळू नका.

मेट्रोची ऑरेंज लाइन घ्या, खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक. त्या लाइनवर गाडी कुठे आहे? "खापरीपासून इतके किलोमीटर", विषय संपला. एक आकडा, म्हणजे एक मिती. आता कोणी म्हणेल अरे पण रूळ तर वळतात, चढतात, उतरतात, मग एक मिती कशी? तर वळले तरी आकडा एकच लागतो ना. सरळ असणं आणि एकमितीय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नवीन माणूस सगळ्यात आधी इथेच अडखळतो.

कस्तुरचंद पार्कच्या मैदानात मित्र उभा आहे, तर दोन आकडे लागतील. गेटपासून पूर्वेला इतकी पावलं आणि उत्तरेला इतकी. किंवा असंही सांगता येईल की गेटपासून सरळ नव्वद पावलं, पण पूर्वेपासून अमुक अंश डावीकडे वळून. आकड्यांचा प्रकार बदलला, संख्या मात्र दोनच राहिली. हे करून बघा, कुठलीही पद्धत वापरा, सपाट मैदानात दोनाच्या खाली येता येत नाही आणि तिसऱ्याची गरज पडत नाही. हां, "पूर्वेला ४० पावलं आणि पश्चिमेला उणे ४० पावलं" हे दोन आकडे धरायचे नाहीत, कारण दुसऱ्यात नवीन काहीच नाही. आकडे एकमेकांपासून स्वतंत्र पाहिजेत. जागेला असे आकडे जोडून भूमितीची गणितं बीजगणितात सोडवायची ही युक्ती फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ मध्ये छापली आणि शाळेतला तो एक्स-वाय ग्राफ तिथूनच आला.

आणि शून्य मिती? झिरो माइल म्हणजे नागपुरातला तो अंतरं मोजायचा जुना दगडी खांब. कोणी म्हटलं "झिरो माइलच्या खांबापाशी आहे", तर आकडाच लागला नाही. बिंदू. खरा खांब जाडजूड आहे हे मान्य, पण भूमितीतल्या बिंदूला जाडीच नसते, जुन्या ग्रीक गणिती युक्लिडने तर सांगूनच ठेवलंय की बिंदूला भाग नसतात.

तिसरा आकडा: गड्डीगोदामला जाऊन या

झिरो माइलवर आलोच आहोत तर तिथलं कोरीव काम नीट वाचा. बहुतेक लोकं तिथल्या घोड्यांच्या पुतळ्यांसोबत सेल्फी काढतात नि निघतात. तिथे जबलपूर, हैदराबाद, चांदा अशा गावांची मैलातली अंतरं कोरली आहेत, आणि त्यासोबत समुद्रसपाटीपासूनची उंचीही दिली आहे, १०२०.१७१ फूट, म्हणजे जवळपास ३११ मीटर. अंतर आणि दिशा मिळून दोन आकडे झाले, उंची तिसरा. (भारताचा मध्य हाच की नाही हा वाद इथे काढू नका, आपल्याला त्याची गरज नाही.)

तिसरा आकडा नसला तर काय होतं हे बघायला कामठी रोडवर गड्डीगोदामला जा. खाली रस्ता, त्याच्यावर रेल्वे, त्याच्यावर फ्लायओव्हर आणि सगळ्यात वर मेट्रो. नकाशावर बोट ठेवलं तर चारही एकाच ठिपक्यावर येतात. वरून पाहिलं तर टक्कर व्हायला पाहिजे, पण होत नाही, कारण उंचीचा आकडा वेगळा आहे. वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर (३.१४ किलोमीटरचा, म्हणजे गणितवाल्यांसाठी बोनस) मोबाईलमधला नकाशा कधीकधी गोंधळतो तेही यानेच, तुम्ही पुलावर आहात का पुलाखाली हे त्याला दोन आकड्यांत कळत नाही.

संत्रं काढा

आता जरा मजेचा भाग. संत्र्याच्या सालीवर एक मुंगी आहे असं समजा. ती कुठे आहे हे सांगायला किती आकडे? पटकन तीन म्हणू नका. देठाला उत्तर ध्रुव माना, मग अक्षांश आणि रेखांश, दोनच. संत्रं त्रिमितीय आहे, साल (जाडी सोडून दिली तर) द्विमितीय. पृथ्वीचंही तेच, नागपूर म्हणजे २१.१५ उत्तर, ७९.०९ पूर्व, झालं.

मग साल आणि कागद यात फरक काय? बॉलपेनने सालीवर त्रिकोण काढा. देठापासून सरळ खाली संत्र्याच्या कमरेपर्यंत या, तिथे काटकोनात वळा, कमरेवरून पाव फेरी मारा, परत काटकोनात वळून देठाकडे जा. देठापाशीही काटकोनच होईल. तीन काटकोन, बेरीज २७० अंश! शाळेत तर १८० शिकवलेलं. शाळेचं चुकीचं नाही, ते सपाट कागदापुरतं आहे. मिती दोन्हीकडे दोन, पण वक्रता, म्हणजे पृष्ठाचा बाक, वेगळी. आता साल अख्खी सोलून टेबलावर सपाट दाबून बघा, फाटणारच. जर्मन गणिती गाऊसने १८२७ मध्ये दाखवून दिलं की गोल पृष्ठ न ताणता न फाडता सपाट होऊच शकत नाही, म्हणून जगाच्या प्रत्येक नकाशात काही ना काही बिघडलेलं असतं.

हे नुसतं पुस्तकी नाही बरं. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, त्यात मोठमोठे त्रिकोण होते नि त्यांच्या कोनांची बेरीज १८० च्या किंचित वर यायची, पृथ्वी गोल आहे म्हणून, आणि तो हिशोब धरूनच मोजणी पुढे सरकायची. हा माणूस १८२३ मध्ये नागपूरकडे येता येता हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. हिंगणघाटला जाणं झालं तर बघून या, तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

संत्रं खायच्या आधी अजून एक. दोन ढीग आहेत, एकातल्या संत्र्याचा व्यास ६ सेंटीमीटर आणि दुसऱ्यातल्याचा ७.२. दिसायला थोडासाच फरक, २० टक्के. पण लांबी १.२ पट झाली की क्षेत्रफळ १.२ × १.२ = १.४४ पट आणि घनफळ १.७२८ पट. म्हणजे साल दीडपटीच्या आत आणि माल पावणेदोन पटीला टेकला. मोठ्या फळाला नगावर दीडपट भाव सांगितला तरी तुम्ही फायद्यात आहात. नियम लक्षात ठेवा: सगळ्या बाजू दुप्पट केल्या तर रेषा २ पट, पृष्ठ ४ पट, घन ८ पट. दोनाचा घात म्हणजेच मिती. हे शेवटी परत लागणार आहे.

काळ: डायमंड क्रॉसिंगवर गाड्या का धडकत नाहीत

आता मुख्य गोष्टीकडे या. नागपूर स्टेशनजवळ उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग एकाच पातळीवर एकमेकांना कापतात, तेच आपलं प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग. गड्डीगोदामला उंचीचा आकडा वेगळा होता, इथे तर तोही सारखा. तीनही आकडे सारखे! तरी गाड्या शेकड्याने सुखरूप निघून जातात, कारण चौथा आकडा वेगळा आहे: वेळ. ही गाडी आधी निघाली, ती नंतर.

रोजच्या बोलण्यात आपण हे करूनच राहिलो आहोत. "बर्डीवर भेटू" म्हटलं तर समोरचा लगेच विचारतो, किती वाजता? तीन आकड्यांनी जागा ठरते, चार आकड्यांनी घटना ठरते. काळ ही चौथी मिती आहे या वाक्यात पहिल्या पायरीवर एवढंच आहे, यात गूढ काही नाही बापा.

हे कागदावर आणा, त्याशिवाय पुढचं डोक्यात बसणार नाही. ग्राफपेपरवर आडव्या अक्षावर वेळ घ्या, सकाळी ६ ते ९. उभ्या अक्षावर अंतर, खाली नागपूर आणि वर वर्धा, साधारण ऐंशी किलोमीटर धरा. आता एक गाडी ६ ला नागपूरहून निघाली, ती तिरपी रेषा होऊन वर चढेल. जोरात पळणारी असेल तर रेषा जास्त उभी. मधे बुटीबोरीला थांबली तर? अंतर वाढत नाही पण वेळ चाललाय, म्हणून रेषा तेवढ्यापुरती आडवी. वर्ध्याहून इकडे येणारी गाडी वरून खाली उतरेल. दोन रेषा जिथे कापतात तिथे दोन गाड्या एकाच वेळी एकाच ठिकाणी, तिथे दोन वेगळे ट्रॅक पाहिजेत नाहीतर कोणाला तरी थांबवा. रेल्वेचे कंट्रोलर अगदी असाच चार्ट वापरतात, हा काही मी तुमच्यासाठी बनवलेला खेळ नाही.

आता त्या चार्टकडे नीट बघा. गाडी हलते, पण रेषा हलत नाही, रेषा तर कागदावर अख्खी पडून आहे, सकाळपासून वर्ध्यापर्यंत. ज्याला भौतिकशास्त्रात विश्वरेषा म्हणतात ती हीच. तुम्ही घरी लोळून राहिले तरी तुमची रेषा पुढे जातच असते, फक्त आडवी. हे एकदा दिसलं की अवकाशकाल (म्हणजे जागा आणि वेळ एकत्र धरून) हा शब्द जड वाटत नाही.

वेळेच्या आकड्याबद्दल एक बारीक गोष्ट. घड्याळात बारा म्हणजे नागपुरात सूर्य डोक्यावर, असं नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, नागपूर त्याच्या ३.४ अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपला सूर्य सरासरी १३-१४ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. आकडा कुठून मोजायचा हे माणसं ठरवतात. झिरो माइलचं शून्यही तसंच ठरवलेलं.

पण काळ हुबेहूब चौथी लांबी नाही

बरेच सोपे लेख इथे थांबतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की लांबी, रुंदी, उंची नि वेळ एकाच माळेचे मणी. तसं असतं तर तुम्हाला मागे वळून कालच्यात जाता आलं असतं. फरक एका वजाच्या चिन्हात आहे, आणि तो समजायला पायथागोरस पुरतो.

मैदानात ३ मीटर पूर्वेला गेलात, ४ मीटर उत्तरेला, तर सरळ अंतर? ९ अधिक १६ म्हणजे २५, वर्गमूळ ५. बेरीज.

आता एक यान घ्या. पृथ्वीवरच्या घड्याळाने ते ५ सेकंद प्रवास करतं आणि तेवढ्यात ३ प्रकाश-सेकंद अंतर जातं (प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो, त्याच्या तिप्पट). यानातल्या घड्याळात किती सेकंद झाले? इथे बेरीज नाही करायची. २५ वजा ९ म्हणजे १६, वर्गमूळ ४. यानात चारच सेकंद झाले! हे घड्याळ बिघडल्यामुळे नाही, अवकाशकालाची भूमितीच अशी आहे. आइन्स्टाइनचा विशेष सापेक्षतेचा पेपर १९०५ चा, पण त्याला ही चार मितींची भूमिती दिली हर्मान मिंकोव्हस्कीने, १९०८ मध्ये कोलोनच्या भाषणात, आणि हा मिंकोव्हस्की झुरिकमध्ये आइन्स्टाइनचा मास्तर होता.

मैदानात वळसा घेतला की अंतर वाढतं, अवकाशकालात वळसा घेऊन परत आलात तर तुमच्या घड्याळातली वेळ कमी भरते. हे वाक्य दोन-तीनदा वाचा, घाई नाही.

आणि हे सगळं तुमच्या खिशातही चालू आहे. मोबाईलला लोकेशन काढायला कमीत कमी चार उपग्रह लागतात. तीन का नाही? कारण अज्ञात चार आहेत, जागेचे तीन आकडे आणि फोनच्या घड्याळाची चूक. चार अज्ञात, चार समीकरणं, दहावीतलंच गणित फक्त जरा मोठं. वर उपग्रहातली घड्याळं जमिनीच्या तुलनेत दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, वेगामुळे थोडी मागे पडतात पण वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून जास्त पुढे जातात. ही दुरुस्ती केलीच नाही तर एका दिवसात दहा-अकरा किलोमीटरची चूक जमेल. धरमपेठेतला डिलिव्हरीवाला हिंगण्याकडे फिरत बसेल.

लांबीची चौथी मिती: डोळ्यांनी नको, मोजून

काळ बाजूला ठेवून खरीखुरी चौथी लांबी पाहिजे असेल तर ती कोणालाच दिसत नाही, गणिताच्या प्रोफेसरलाही नाही. मोजता मात्र येते. एक बिंदू घ्या, सरकवा, रेषा झाली. रेषा तिच्याशी काटकोनात सरकवा, चौरस. चौरस वर उचला, घन. प्रत्येक वेळी जुनी आणि नवी अशा दोन प्रती होतात, म्हणून कोपरे दुप्पट: १, २, ४, ८, आणि मग १६. कडांचं सूत्र: जुन्या कडांची दुप्पट अधिक जुने कोपरे, कारण प्रत्येक कोपरा सरकताना एक नवी कड ओढतो. घनाला १२ कडा, ८ कोपरे, तर चौथ्या पायरीला २४ अधिक ८ म्हणजे ३२. पृष्ठांचंही तसंच करा, २४ आले पाहिजेत, आणि बाहेरून ८ घन. न दिसणाऱ्या वस्तूचा पक्का हिशोब झाला.

यूट्यूबवरचा तो निळा घन म्हणजे या वस्तूची सावली, आणि स्क्रीनवर म्हणजे सावलीची सावली. सावलीत एक मिती जाते. २६ मेच्या आसपास नागपुरात शून्य सावलीचा दिवस असतो (दुसरा जुलैच्या मधोमध, पण तेव्हा ढग बघू देत नाहीत). बारा वाजून दहा मिनिटांच्या जवळपास गच्चीवर एक सरळ काठी ओळंब्यात उभी करा, ऊन असं तापून राहिलं असेल की पाच मिनिटंही उभं राहवणार नाही, पण बघा, लांबच लांब काठीची सावली पायाशी ठिपका होऊन बसते. रेषेचा बिंदू. त्या ठिपक्यावरून काठी केवढी होती ते सांगता येईल का? नाही. चार मितींच्या वस्तूचं चित्र बघून आपलं अगदी हेच होतं.

चारच्या पुढे

इथे जास्त वेळ घालवू नका. पार्किंगमध्ये उभ्या कारचं वर्णन करा: जागेचे दोन आकडे आणि तोंड कुठे आहे त्याचा कोन, तीन मिती. हातातला मोबाईल: जागेचे तीन, कलण्याचे तीन, सहा मिती. बारावीच्या पोट्ट्याची सहा विषयांची मार्कशीट म्हणजे सहा मितींमधला एक बिंदू. कॉम्प्युटरवाले हजार मितींचा डेटा म्हणतात तेव्हा ते इतकंच म्हणत असतात. स्ट्रिंग थिअरीत (सगळं जग अतिसूक्ष्म तारांचं बनलंय असं मानणारा सिद्धांत) १० मिती लागतात हेही खरं आहे, पण तो सिद्धांत प्रयोगातून अजून सिद्ध झालेला नाही, तेव्हा त्याच्यावरून कोणाशी पैज लावू नका.

शेवटची पायरी: सव्वा मिती

मिती पूर्णांकातच असते असंही नाही. संत्र्याचा नियम आठवा, बाजू दुप्पट केली की किती पट होतं ते. तोच उलटा वापरायचा. नाग नदीचा किंवा कुठल्याही वेड्यावाकड्या नदीचा मोठा नकाशा प्रिंट करा, त्यावर ट्रेसिंग पेपरवर आखलेले १ सेंटीमीटरचे चौकोन ठेवा नि नदी ज्या ज्या चौकोनांतून जाते ते मोजा. मग अर्ध्या सेंटीमीटरचे चौकोन ठेवून परत मोजा. सरळ रस्ता असेल तर चौकोन २ पट होतील, मिती १. तलावासारखा भरीव आकार असेल तर जवळपास ४ पट, मिती २. नदी मधे कुठेतरी येते. समजा २.३ पट आले तर २.३ चा लॉग भागिले २ चा लॉग (कॅल्क्युलेटरवरचं log बटण, दोनाचा कितवा घात २.३ होतो ते यातून निघतं), १.२ येईल. गणिती मँडेलब्रोने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हाच प्रश्न मांडला होता, तिथे पश्चिम किनाऱ्याचा आकडा १.२५ च्या जवळ येतो. एका मोजणीवर विश्वास ठेवू नका, पाव सेंटीमीटरचेही चौकोन करा, आणि चौकोनाच्या रेघेला नदी नुसती चाटून गेली तर तो धरायचा का सोडायचा हे मोजायला बसण्याआधीच ठरवा.